लॅपटॉपचा कॅमेरा बंद पडला? स्क्रीन उघडायला देण्याआधी एवढं तपासा

गेल्या भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मावशीचा सांगलीहून फोन आला. नात न्यू जर्सीला असते आणि दर सणाला दोघींचं व्हिडिओवर बोलणं होतं. "अरे, मला ती दिसते, पण तिला मी दिसत नाही. सगळं काळं. दुकानात नेला तर म्हणाले कॅमेरा उडालाय, स्क्रीन उघडावी लागेल, साडेचार हजार होतील." पुढच्या रविवारी मी गेलो. लॅपटॉपच्या उजव्या कडेला, यूएसबीच्या खाचेशेजारी, नखाएवढं एक सरकतं बटण होतं. दिवाळीच्या साफसफाईत फडक्यानं पुसताना ते सरकलं होतं. परत सरकवलं आणि कॅमेरा सुरू झाला.

मावशीसारखं कुणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय. बँकेचं व्हिडिओ केवायसी, नोकरीची मुलाखत, ऑनलाइन परीक्षा, परगावच्या डॉक्टरांचा सल्ला, सगळं आता कॅमेऱ्यासमोर चालतं, आणि तो बंद असल्याचं नेमकं त्याच वेळी कळतं. तुमची मुलाखत दहा मिनिटांवर आली असेल तर आत्ता हे वाचत बसू नका. मोबाइलवरून त्याच लिंकवर जा, काम उरका आणि मग निवांत बसा. घाईत केलेल्या दुरुस्तीत चालू असलेल्या दोन गोष्टीही बिघडतात.

आत नेमकं काय असतं

लॅपटॉपचा आतला कॅमेरा म्हणजे बहुतेक वेळा साधा यूएसबी वेबकॅमच असतो, फक्त त्याची वायर आपल्याला दिसत नाही. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बोटभर लांबीचं सर्किट बसवलेलं असतं. त्यातून निघालेली बारीक केबल स्क्रीनच्या कडेनं खाली येते, बिजागरीतून वळते आणि मदरबोर्डला जोडली जाते. तिथून चित्र आधी ड्रायव्हरकडे, म्हणजे कॅमेऱ्याची आणि विंडोजची गाठ घालून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे जातं, मग विंडोजकडे, मग झूम किंवा ब्राउझरकडे. वाटेत भिंगावरचं झाकण, कॅमेऱ्याचं बटण, बायोसची (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग, विंडोजची परवानगी, ब्राउझरची परवानगी अशी बरीच दारं आहेत. कुठलंही एक बंद असलं तरी समोरच्याला काळंच दिसतं. माझा आजवरचा अनुभव सांगतो की भाग खरोखर जळालेला क्वचितच सापडतो. बहुतेकदा कुठलं तरी दार लागलेलं असतं. म्हणून बाहेरून आत जायचं: आधी जे हातानं तपासता येतं ते, आणि पेचकस सगळ्यात शेवटी.

पहिलं काम: विंडोजचं स्वतःचं कॅमेरा अ‍ॅप

झूम, मीट, टीम्स सगळं बंद करा. स्टार्टमध्ये 'कॅमेरा' शोधून ते अ‍ॅप उघडा. आता दोन गोष्टी नीट बघा: स्क्रीनवर काय येतं, आणि भिंगाशेजारचा बारीक दिवा लागतो का.

चित्र स्वच्छ आलं तर कॅमेरा ठणठणीत आहे. दोष त्या एका अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आहे, तेव्हा ड्रायव्हरला हात लावू नका.

दिवा लागला पण चित्र काळं आलं तर भिंगावर काहीतरी आलंय असं समजा. झाकण, चिकटवलेली पट्टी, नव्या लॅपटॉपवर राहून गेलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, काहीही. काळ्या चित्रावर आडवी रेघ मारलेलं कॅमेऱ्याचं चिन्ह दिसलं, तर कॅमेरा बटणानं बंद केलेला आहे.

चित्राऐवजी कोड आला तर त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. ४२४४ म्हणजे विंडोजला कॅमेराच सापडत नाही. बटण, बायोस, ड्रायव्हर किंवा केबल यांपैकी काहीतरी. ४२४३ म्हणजे कॅमेरा आहे, पण दुसरा कुठला तरी प्रोग्राम तो वापरतोय. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवले तरी निम्मी शोधाशोध वाचते.

झाकण, सरकपट्टी आणि वरच्या रांगेतली कळ

लोकांना खासगीपणाची काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणून कंपन्यांनी कॅमेरा बंद करायच्या सोयी दिल्या. पण प्रत्येकीनं त्या वेगळ्या जागी ठेवल्यामुळे नकळत बंद झालेला कॅमेरा शोधणं अवघड होतं. थिंकपॅडवर भिंगाच्या अगदी वर सरकतं झाकण असतं. ते बंद असलं की भिंगाच्या जागी लाल ठिपका दिसतो. लेनोव्होच्या इतर बऱ्याच मॉडेलांत आणि एचपीच्या काही मॉडेलांत बटण कडेला असतं. आसुसच्या अनेक लॅपटॉपांवर एफ १० ही कळ कॅमेरा बंद-चालू करते, एमएसआयवर एफ एन धरून एफ ६. तुमच्या कीबोर्डच्या वरच्या रांगेत रेघ मारलेल्या कॅमेऱ्याचं चित्र कुठल्या कळीवर आहे ते शोधा. ती एकदा नुसती आणि एकदा एफ एनसकट दाबून बघा, कारण ही रांग दोन्ही पद्धतींनी चालवता येते.

यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. काही मॉडेलांत हे बटण भिंग झाकत नाही, ते कॅमेऱ्याचा वीजपुरवठाच तोडतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्येही, म्हणजे जोडलेल्या सगळ्या भागांच्या विंडोजमधल्या यादीतही, कॅमेरा दिसत नाही आणि दुकानदाराला तो खरोखर मेल्यासारखा वाटतो. मावशीच्या लॅपटॉपचं असंच झालं असणार.

झाकण उघडं आहे आणि चित्र नुसतं धुरकट आहे? चष्मा पुसायचं कोरडं मऊ कापड भिंगावर फिरवा. पाणी किंवा काच पुसायचा फवारा थेट मारू नका, तो पट्टीच्या फटीतून आत उतरतो.

परवानग्या: इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये जा आणि खाली 'कॅमेरा' निवडा. विंडोज १० मध्ये नुसतं 'प्रायव्हसी' आणि मग 'कॅमेरा'. इथं तीन पायऱ्या आहेत, आणि तिन्ही चालू लागतात.

सगळ्यात वर 'कॅमेरा अ‍ॅक्सेस'. हा मुख्य नळ आहे, तो बंद असेल तर खाली काहीही केलं तरी उपयोग नाही. त्याखाली 'लेट अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस युअर कॅमेरा' आणि मग एकेका अ‍ॅपचं बटण. इथवर बहुतेक जण येतात, यादीत झूम किंवा क्रोम शोधतात आणि सापडत नाही म्हणून गोंधळतात. ते तिथं नसणारच. त्या यादीत मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेली अ‍ॅप्स असतात. संकेतस्थळावरून उतरवलेलं झूम, क्रोम, फायरफॉक्स यांना विंडोज डेस्कटॉप अ‍ॅप म्हणतं आणि त्या सगळ्यांसाठी एकच बटण यादीच्या खाली असतं: 'लेट डेस्कटॉप अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस युअर कॅमेरा'. पान खालपर्यंत सरकवल्याशिवाय ते दिसत नाही.

त्याच भागात प्रत्येक प्रोग्रामनं कॅमेरा शेवटचा कधी वापरला ती वेळ दिलेली असते, आणि एखादा आत्ता वापरत असेल तर तसं लिहिलेलं असतं. ४२४३ चा कोड आला असेल तर गुन्हेगार इथंच सापडतो. तुम्ही कधी न उघडलेला प्रोग्राम तिथं दिसला तर मात्र थांबा. त्याची चौकशी कॅमेऱ्याच्या दुरुस्तीपेक्षा महत्त्वाची आहे.

बटणं राखाडी आहेत, हलतच नाहीत आणि वर संस्थेच्या नियंत्रणाचा मजकूर दिसतोय? मग लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा आहे आणि कॅमेरा त्यांच्या नियमानं बंद आहे. तिथं खटपट करू नका, आयटी विभागाला कळवा.

अँटिव्हायरस हे वेगळं दार. क्विक हील, कॅस्परस्की, बिटडिफेंडर अशांच्या काही आवृत्त्यांत वेबकॅम संरक्षण असतं आणि ते ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रामला कॅमेरा देत नाही. अख्खा अँटिव्हायरस काढून टाकायची गरज नाही. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या अ‍ॅपला परवानगी द्या.

ब्राउझर आपली परवानगी वेगळी ठेवतो. मीटचं पान उघडं असताना पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा आणि कॅमेऱ्यापुढे 'अलाऊ' आहे का बघा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'ब्लॉक' दाबलं गेलं असेल तर ब्राउझर तेच लक्षात ठेवतो, पुन्हा विचारत नाही. बदल केल्यावर पान रिफ्रेश करा.

कॅमेरा चालू, पण भलताच

अ‍ॅपच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये कॅमेऱ्यांची यादी असते. तिथं कुठला निवडलाय हे बघायचं राहून जातं. पूर्वी कधी चेहऱ्यावर चष्मे-टोप्या लावणारा प्रोग्राम बसवला असेल तर त्याचा आभासी कॅमेरा निवडलेला असू शकतो. स्नॅप कॅमेरा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला, पण जुन्या लॅपटॉपांवर तो पडून असतो. ओबीएस या व्हिडिओ रेकॉर्ड करायच्या प्रोग्रामचा आभासी कॅमेराही असाच मध्ये येतो. यादीतून 'इंटिग्रेटेड' किंवा 'एचडी' असं नाव असलेला खरा कॅमेरा निवडा.

चेहरा बघून उघडणाऱ्या लॅपटॉपांत दोन कॅमेरे असतात, एक साधा आणि एक इन्फ्रारेड. चित्र करड्या रंगाचं आणि भुतासारखं येत असेल तर अ‍ॅपनं इन्फ्रारेड पकडलाय. यादीतून दुसरा निवडला की झालं.

बंद करून चालू करणं, पण नीट

'शट डाउन केलं की, तरी तसंच' असं मला किती जण सांगतात! विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तशीच परत आणली जाते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. 'रीस्टार्ट' केलं तर सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून इथं रीस्टार्टच करा, किंवा शिफ्ट धरून शट डाउन दाबा.

ड्रायव्हर: सावकाश, एका वेळी एकच बदल

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा आणि येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'कॅमेराज' नावाची शाखा शोधा. नसेल तर 'इमेजिंग डिव्हाइसेस'. कॅमेऱ्याच्या चिन्हावर खाली वळलेला बाण असेल तर तो बंद करून ठेवलाय. उजवं क्लिक करून 'एनेबल' करा, काम संपलं. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरची किंवा जोडणीची तक्रार आहे. शाखाच नसेल तर वरच्या 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा. आता कॅमेरा फिकट दिसला तर त्याचा अर्थ असा की विंडोजला तो पूर्वी माहीत होता, पण सध्या जोडलेला सापडत नाही. अशा वेळी ड्रायव्हर बदलत बसू नका, सरळ बायोस आणि बिजागरीच्या भागाकडे जा.

त्रिकोण असेल तर या क्रमानं जा आणि प्रत्येक पायरीनंतर कॅमेरा अ‍ॅप उघडून बघा.

१. उजवं क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. ड्रायव्हर पुसून टाकण्याचा चौकोन विचारला तर या वेळी रिकामाच ठेवा. मग वर 'अ‍ॅक्शन'मधून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस'. विंडोज कॅमेरा नव्यानं शोधतं. नुसत्या एवढ्यानं बऱ्याच वेळा काम होतं.

२. विंडोजच्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्रायव्हर' या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' बघा. बटण दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर अजून शिल्लक आहे.

३. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग यादीतून निवडायचा पर्याय. तिथं 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' असेल तर तो घ्या. हा विंडोजचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर. कंपनीच्या खास सोयी जातील, पण साधं चित्र यायला लागेल.

४. तरीही नाही? लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर घ्या, कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर टाका आणि नेमक्या तुमच्या मॉडेलचा कॅमेरा ड्रायव्हर उतरवा. विंडोज अपडेटच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' असतात, तिथंही कधी कधी तो पडलेला असतो.

तिसऱ्या पायरीला एक अपवाद आहे. काही नव्या पातळ लॅपटॉपांत कॅमेरा यूएसबीनं जोडलेला नसतो. तो इंटेल प्रोसेसरमधल्या आयपीयू ६ या चित्र घडवणाऱ्या भागाशी जोडलेला असतो. तिथं सर्वसाधारण ड्रायव्हर चालत नाही, कंपनीचाच लागतो. अशा यंत्रावर विंडोज कोरं बसवलं की कॅमेरा हमखास गायब होतो आणि लोकांना वाटतं फॉरमॅट करताना जळाला. याच कारणानं असे लॅपटॉप लिनक्सवरही बराच काळ त्रास देत आले आहेत.

अपडेटमुळे कॅमेरे बंद पडतात हा भ्रम नाही. २ ऑगस्ट २०१६ ला विंडोज १० चं अ‍ॅनिव्हर्सरी अपडेट आलं. त्यात कॅमेऱ्याकडून आकार कमी करून (कॉम्प्रेस होऊन) येणारा व्हिडिओ हाताळण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टनं बदलली आणि जगभर चांगले चालणारे वेबकॅम स्काइपमध्ये गोठायला लागले. कॅमेऱ्यांत काहीच दोष नव्हता. कालपर्यंत चालणारा कॅमेरा आज अपडेटनंतर बंद असेल, तर नवा घेण्याआधी ही शक्यता तपासा.

आणि एक कळकळीची विनंती. 'कॅमेरा ड्रायव्हर फ्री डाउनलोड' असं शोधून जे हिरवं मोठं बटण येतं ते दाबू नका. तसंच गुगलवर सापडलेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करून, पलीकडच्या माणसाच्या सांगण्यावरून लॅपटॉप दुरून चालवू देणारं अ‍ॅप बसवू नका. कॅमेरा दुरुस्त करायला गेलेल्या माणसाचं बँक खातं रिकामं झालं तर ते नुकसान कशानंही भरून येत नाही. तसं काही घडलंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

बायोस आणि साठलेला करंट

लॅपटॉप सुरू होताना डेल, आसुस, एसरवर बहुधा एफ २, एचपीवर एफ १०, थिंकपॅडवर एफ १ दाबत राहिलं की बायोस उघडतो. 'इंटिग्रेटेड कॅमेरा' किंवा नुसतं 'कॅमेरा' ही ओळ शोधा. थिंकपॅडवर ती 'सिक्युरिटी'तल्या 'आय/ओ पोर्ट अ‍ॅक्सेस'मध्ये असते. बंद असेल तर चालू करा, साठवा, बाहेर या. बाकी कशालाही हात लावू नका.

मग करंट काढून टाका. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. सर्किटमध्ये उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेला कॅमेरा पुढच्या वेळी नव्यानं जागा होतो. करायला सोपं, धोका काही नाही.

बिजागरीची परीक्षा

कॅमेरा अ‍ॅप चालू ठेवा आणि स्क्रीन अगदी हळू पुढे-मागे करा. एका विशिष्ट कोनात चित्र येतं आणि दुसऱ्यात जातं, थरथरतं, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा येतो-जातो, असं झालं तर केबल झिजली आहे किंवा तिचं टोक सैल झालंय. हजारो वेळा उघड-मीट झाल्यावर बिजागरीतली बारीक तार थकते. लॅपटॉप एका कोपऱ्यातून उचलून उघडायची सवय असेल तर आणखी लवकर.

मॅक असेल तर

मॅकवर करायचं थोडंच असतं. 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि तिथं 'कॅमेरा'. अ‍ॅपला परवानगी दिल्यावर ते अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडावं लागतं. मुलांसाठी 'स्क्रीन टाइम' लावला असेल तर त्यात कॅमेरा अडवलेला नाही ना ते बघा. बाहेरचा मॉनिटर जोडून झाकण मिटवून काम करत असाल तर आतला कॅमेरा चालणारच नाही. भिंगावर चिकटवायची प्लास्टिकची झाकणं मॅकबुकवर लावू नका. झाकण लावायचंच असेल तर ते ०.१ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे छपाईच्या एका कागदापेक्षा, जाड नसावं असं अ‍ॅपल स्वतः सांगते. जाड झाकणानं मॅकबुक मिटवलं तर स्क्रीनला तडा जाऊ शकतो.

दुकानात न्यावाच लागला तर

वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातच जा. बाहेर स्क्रीन उघडली तर वॉरंटीवरून वाद होतात. वॉरंटी संपली असेल तर दुरुस्तीवाल्याला 'कॅमेरा चालत नाही' एवढंच सांगू नका. काय-काय तपासलं ते सांगा: बटण चालू आहे, बायोसमध्ये चालू आहे, फिकट दिसतो, स्क्रीन हलवल्यावर चित्र येतं. मग उगाच विंडोज फॉरमॅट करायचा प्रस्ताव येत नाही. केबल आणि कॅमेऱ्याचा तुकडा यांचे भाव वेगवेगळे विचारा. कॅमेऱ्याचा तुकडा सहसा स्वस्त असतो, पैसे मजुरीचे आणि केबलचे लागतात, कारण बऱ्याच मॉडेलांत स्क्रीनची आणि कॅमेऱ्याची केबल एकच असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या मॉडेलांचे सुटे भाग अजून मिळतात. तुमच्या भागावर छापलेला क्रमांक फोटोत घेऊन जा, नुसत्या मॉडेलच्या नावावर भाग जुळेलच असं नाही. काढलेला जुना भाग परत मागा.

खर्च झेपणारा वाटला नाही तर बाहेरून लावायचा यूएसबी वेबकॅम घ्या. किंवा फोन वापरा. विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड फोन वायरशिवाय कॅमेरा म्हणून जोडता येतो. मॅकवर व्हेंच्युरा किंवा त्यापुढची आवृत्ती आणि आयफोन एक्सआर किंवा नंतरचा फोन असेल तर तो आपोआप यादीत येतो. आतला कॅमेरा निकामी आहे हे नक्की झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो 'डिसेबल' करून ठेवा. नाहीतर प्रत्येक कॉलला अ‍ॅप आधी त्यालाच धरायला जातं, आणि नातीला पुन्हा काळंच दिसतं.